हिरव्या फेट्याचा पैलवान

अण्णांनी फेट्याचा शेवटचा वेढा दिला, शेमला मागं सोडला आणि आमच्या ह्यांच्या पाठीवर दणकून थाप मारली.

"घ्या! हा आपला हिरवा फेटा!"

तालमीत टाळ्या पडल्या, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी बाहेर होते, रस्त्यापलीकडं मालनवहिनींच्या पायरीवर, गल्लीतल्या बाकीच्या बायकांबरोबर. तालमीचा दरवाजा सताड उघडा असल्यामुळं आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. हे मान खाली घालून उभे होते. लोकांना वाटलं, काय हा विनय!

"नुसतं उभं काय ऱ्हायलाईसा सासने, दोन शब्द बोला की," अण्णा म्हणाले. दौलतअण्णा मोहिते म्हणजे आमच्या नागझरी तालमीचे अध्यक्ष, जन्मापासूनच अध्यक्ष असावेत असे.

"मी काय बोलणार," हे म्हणाले. "तुम्हा सगळ्यांच्या आशीर्वादानं झालं."

सगळ्यांच्या आशीर्वादानं! माझी कानशिलं तापली. मालनवहिनींनी माझ्या मांडीवर हात दाबून धरला.

"गप बस हेमा."

"मी कुठं काय बोलतेय?"

"बोलत न्हाईस, पर उठायला लागलीयास."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी कुणी फेटा बांधायला घेतला, की मला ती पायरी आठवते आणि डोकं फिरतं. का फिरतं ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तालीम आहे. आत लाल मातीचा हौदा, समोर मारुती, आणि पुढच्या भिंतीला लागून रस्त्याकडं तोंड केलेला लांबलचक दगडी कट्टा. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. शनिवारी मारुतीला तेल घालायचं, तर वाटी उंबऱ्यावर ठेवून बाहेरूनच हात जोडायचे. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच शनिवारी मला कुठं उभं राहायचं ते दाखवलं. मी तिथंच उभी राहत आले.

मला त्रास व्हायचा तो कट्ट्याचा. दिवस कलला की त्यावर गल्लीतली पोरं आणि पोरांचे बापही येऊन बसत. वाईट म्हणावं तर कुणी काही बोलत नसे. नुसतं बघत. एखादी पोरगी समोरून गेली की आधी शांतता पसरायची आणि ती पुढं गेली की मागं हसू फुटायचं. माझी केतकी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. संध्याकाळी तिचा अकाउंटचा क्लास असे. ती समोरून जायची बंद झाली आणि मागच्या बोळातून, गटाराच्या कडेकडेनं जायला लागली. तिथं दिवा नाही, पायाखाली शेवाळ. एकदा घसरून गुडघे फोडून घेऊन आली आणि म्हणाली, "आई, मी क्लास सोडते."

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पोरं आपल्या गल्लीतलीच आहेत. लक्ष द्यायचं नाही." म्हणजे बघणाऱ्यांनी बघायचं आणि लक्ष द्यायचं नाही ते केतकीनं.

अशातच तालमीचं छप्पर खचलं. नवीन इमारतीसाठी कुठून तरी निधी मंजूर झाला आणि आता काय बांधायचं यावर तालमीत बैठका सुरू झाल्या. एकानं म्हणायचं गाळे काढून भाड्यानं देऊ, दुसऱ्यानं म्हणायचं मंगल कार्यालय करू, मग आवाज चढायचे आणि चहा पिऊन सगळे घरी. दर बैठकीला तेच गाळे आणि तेच कार्यालय. शेवटी निधी देणाऱ्यांनी पुण्याहून दातार मॅडमना पाठवलं.

दातार मॅडम हुशार बाई. त्यांच्या संस्थेनं मोबाईलमध्ये आमची आख्खी गल्ली उभी केली होती. तीच तालीम, तोच मारुती, तोच वाकलेला विजेचा खांब. त्या गल्लीत आपलं एक चित्र चालवायचं, हवं ते पाडायचं, हवं ते बांधायचं, आणि लिहून एकमेकांशी बोलायचं. मॅडमनी तालमीसमोर मांडव घालून सगळ्यांना समजावलं.

"समोरासमोर बसलं की धाकटे मोठ्यांपुढं बोलत नाहीत. मोठे जुनंच बोलतात. तिथं कुणाला चेहरा नाही, नाव नाही. चुकलं तरी हसणार कुणाला? त्यामुळं माणसं धाडस करतात, नवीन सुचवतात. शेवटी निर्णयही तिथंच घ्यायचा."

चित्रं त्यांनी बायकांची आणि पुरुषांची, दोन्ही आणली होती. अण्णांनी साडीतलं चित्र बघितलं आणि मोबाईल लांब धरला.

"हे चालायचं न्हाई. तालमीत बाई दाखवता व्हय? आमच्या तालमीत पैलवानच पायजे."

म्हणून सगळेच पैलवान झाले. तेच दंड, तीच मांडी, फक्त डोक्यावरचा फेटा वेगवेगळ्या रंगाचा. आणि वर्गणी जशी घरटी एक, तसा पैलवानही घरटी एक, घरच्या कर्त्याच्या नावावर. रंग चिठ्ठ्या टाकून दिले आणि कुणाचा कोणता ते फोडायचं नाही, असं ठरलं. आमची चिठ्ठी ह्यांनी न उघडताच माझ्या हातात दिली; हिरवा आला.

संध्याकाळी हे मोबाईल घेऊन बसले, पाच मिनिटांत कंटाळले. "माझ्यात जागा न्हाई, व्हिडिओनं भरलाय. तुझ्यात घे जा." मी घेतलं. दुसऱ्या कुणी पैलवान चालवू नये म्हणून त्यात चार आकडी खूण ठरवायची होती, ती मी घातली. नंतर कळलं, निम्म्याअधिक घरांत हेच झालं होतं. पुरुषांच्या मोबाईलांत जागा नव्हती आणि पैलवान बायकांच्या पदराखाली आले होते.

पहिल्या दिवशी दुपारी, हे फाउंड्रीत गेल्यावर, मी तो पैलवान तालमीपाशी नेला. उंबऱ्याशी माझा अंगठा थांबला. स्वयंपाकघरात एकटी बसले होते, तरी थांबला. मग मी ढकलला. हिरवा फेटा आत गेला, हौद्याच्या काठावर जाऊन बसला. काही झालं नाही. मारुती तसाच उभा होता.

थोड्या वेळानं एक पिवळा फेटा आला. मग एक जांभळा, मग ठिपक्यांचा. कुणी नाव सांगत नव्हतं, पण बोलण्यावरून ओळख पटायला कितीसा वेळ लागतो? पिवळा फेटा मध्येच लिहायचा, "थांबा, दूध उतू गेलं, आलोच." ठिपक्यांच्या फेट्यानं एकदा लिहिलं, "मी जरा भाकरी थापून येतो." भाकरी थापणारे पैलवान! मी पदर तोंडाला लावून हसले. आम्ही सगळ्या पुरुषासारखं लिहीत होतो आणि सगळ्यांना ठाऊक होतं, की इथं पुरुष औषधालासुद्धा नाही.

आणि काय काय केलं तिथं! एकीनं तालीम उचलून खांबांवर ठेवली आणि खाली गाड्या लावल्या. ती कोसळली, तर दुसरीनं पुन्हा उभी करून वर पाण्याची टाकी बांधली. माझ्या डोक्यात कट्टा होता. आधी मी तो सरळ पाडून टाकला. संध्याकाळी कुणीतरी पुन्हा बांधलेला दिसला. दुसऱ्या दिवशी पाडला, पुन्हा बांधलेला. पुरुषांचे पैलवान कामावरून आल्यावर येत असत. तिसऱ्यांदा पाडताना मी थांबले. म्हटलं, हे लोक बसल्याशिवाय राहणार नाहीत. बसू देत. पण आत बसू देत. मी कट्टा उचलला, भिंतीच्या आत नेला आणि हौद्याच्या चारी बाजूंनी फिरवला. आता बसणाऱ्याचं तोंड मातीकडं आणि पाठ रस्त्याकडं.

जांभळ्या फेट्यानं लिहिलं, "कट्ट्याच्या जागी रुंद पायऱ्या कर." पिवळ्यानं लिहिलं, "वर मजला टाक. पोरींना अभ्यासाला, बायकांना बसाउठायला. जिना पुढच्याच दारातून." तासाभरात ते उभं राहिलं. कोणतं कुणाचं, ते आता वेगळं काढता येणार नाही, पण सुरुवात कट्ट्यापासून झाली आणि कट्टा मी हलवला.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते उड्या मारतच. "अगं, कुणीतरी कट्टा आत घेतलाय! कुस्ती बघायला चारी बाजूंनी जागा. अण्णा म्हणतात, एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. आता तो कुणी पाडायचा न्हाई म्हणून सांगितलंय. काय डोकं असंल ह्या हिरव्या फेट्याचं!"

"तो आपला पैलवान आहे," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मोबाईल काढून दाखवला. तो परत माझ्या हातात देत म्हणाले, "कुणाला सांगू नको. तू केलंयस म्हटलं की बिघडंल सगळं." मला ते पटलं. वाटलं, हे माझ्या बाजूनं विचार करतायत.

मध्ये एकदा दातार मॅडम घरी येऊन चहा पिऊन गेल्या. हसत म्हणाल्या, "सगळ्यात चांगल्या कल्पना दुपारच्या असतात. पुरुष तर कामावर असतात ना?" मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. मी काही बोलणार नाही." केवढा आधार वाटला होता तेव्हा त्या वाक्याचा!

तर असं होत होत महिना गेला आणि तो फेट्याचा रविवार उजाडला. आत मोठा पडदा लावला होता, त्यावर मोबाईलमधली गल्ली दिसत होती. कट्टा आत घेतलेला आराखडा टाळ्यांच्या गजरात पसंत झाला. मग अण्णांनी उंबऱ्याबाहेर टेबल-खुर्ची टाकून बसलेल्या मॅडमना विचारलं, "आता सांगून टाका, हिरवा फेटा कुणाचा?" मॅडमनी लॅपटॉपवर बघितलं आणि वाचलं, "श्री. यशवंत सासने." रस्त्यापलीकडच्या पायरीवर मी बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

हे पुढं गेले. मला वाटलं, आता म्हणतील, अण्णा, हे माझं न्हवं. निदान म्हणतील, घरच्यांनी मिळून केलं. ह्यांनी डोकं पुढं केलं आणि फेटा बांधून घेतला.

तरीही मी बसून राहिले असते. खरंच सांगते. म्हटलं, जाऊ दे, फेटा घेऊ दे, कट्टा तर आत गेला. पण अण्णांनी घसा खाकरला.

"आता एक बारकी दुरुस्ती. वरचा मजला बायकांसाठी, ते बेस. पर जिना पुढच्या दारातनं नको. बायका रोज आतनं ये-जा करणार, मारुतीरायाच्या म्होरनं, पोरं लंगोटावर असताना. बरं दिसतंय का? मागच्या बोळातनं लोखंडी जिना लावू. बायकांचं दार मागं."

मागच्या बोळातून. गटाराच्या कडेनं. माझ्या डोळ्यांसमोर केतकीचे फुटलेले गुडघे आले.

"सासने, कल्पना तुमची," अण्णा म्हणाले. "तुमची काय हरकत?"

ह्यांनी दारातून बाहेर बघितलं, थेट माझ्याकडं. मी मान हलवली, नाही म्हणून. चांगली दोनदा हलवली. ह्यांनी बघितलं. बघितलं नाही असं कुणी म्हणू नये.

"हरकत कसली," हे म्हणाले. "चालंल की."

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी कळली. जे स्वतःचं नव्हतंच, ते हा माणूस अण्णांच्या हातावर ठेवून मोकळा झाला! फेटा घेतलास, घे. पण माझ्या पोरीची वाट कुणाला विचारून दिलीस?

दातार मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, पण नियमाप्रमाणं निर्णय तिथंच झाला पाहिजे. प्रत्येक पैलवानानं पुढच्या किंवा मागच्या दारापाशी जाऊन उभं राहायचं. मग मला वर कळवता येईल."

"त्यात काय," अण्णा म्हणाले. "आणा रे मोबाईल, करा उभं मागच्या दाराला."

आणि मग एकेक कर्ता पुरुष तालमीतून बाहेर यायला लागला. मोबाईल बायकांकडं होते ना! हे सगळ्यात पुढं, डोक्यावर फेटा सावरत.

"मोबाईल दे."

मी दिला. हे वळून आत गेले, उभे राहिले, बोट टेकवलं. पैलवानानं आकडी खूण मागितली. ह्यांनी काहीतरी दाबलं. नाही झालं. पुन्हा दाबलं. शेजारचा कुणीतरी हसला, "काय सासने, स्वतःचाच आकडा इसरलासा व्हय?" बाकीच्यांच्याही हातांत मोबाईल होते आणि तेही तसेच उभे होते. काहीजण मुकाट उंबऱ्याकडं यायला लागले.

हे उंबऱ्यात आले. फेटा एका कानावर उतरला होता.

"हेमा, आकडा सांग."

"कशाचा?"

"त्या... पैलवानाचा."

"तुमचा ना पैलवान?"

"आता इथं तमाशा नको. सांग लवकर."

मालनवहिनींचा हात माझ्या मांडीवर होता. तो त्यांनी आपणहून काढून घेतला. मी उठले.

"आत येऊन सांगते."

अण्णा पुढं आले. "वैनी, तिथनंच सांगा. आत बाईमाणूस येत न्हाई, तुम्हास्नी काय सांगायचं?"

"महिनाभर आम्ही आतच बसलोय, अण्णा. ज्या पैलवानाला तुम्ही फेटा बांधलात, तो दुपारी इथंच हौद्याच्या काठावर बसून कट्टा आत ओढत होता. तेव्हा मारुतीरायानं काही हरकत घेतली नाही."

"ते खेळातलं झालं. खेळातलं खेळात."

"मग बांधताय कशाला ते? खेळातला कट्टा खरा, खेळातला मजला खरा, आणि आम्ही तेवढ्या खोट्या?"

मी मॅडमकडं वळले. "मॅडम, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्ही तरी बोला."

मॅडम लॅपटॉपकडं बघत राहिल्या. "हा तुमच्या गल्लीचा अंतर्गत प्रश्न आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी काही बोलणं बरोबर नाही."

"चेहरा नाही तोवर आम्ही हुशार," मी म्हटलं, "आणि चेहरा दिसला की आम्ही मागच्या बोळातून. हेच शिकवायला आला होतात का पुण्याहून?"

माझा आवाज फाटला होता. मला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं आणि मी ते लपवलंही नाही. चपला पायरीपाशी काढल्या, रस्ता ओलांडला. हे अजून उंबऱ्यातच उभे होते. मी समोर जाऊन थांबले. एवढं खरं, की ह्यांनी मला अडवलं नाही. बाजूला सरकले. सरकताना फेटा सुटून खांद्यावर आला.

मी आत गेले. मोबाईलमधल्या तालमीत सगळं होतं, पण वास नव्हता. तेल, हळद, लिंबू, ताक जिरलेल्या मातीचा वास पहिल्यांदा नाकात गेला. मी ह्यांच्या हातातून मोबाईल घेतला, सगळ्यांकडं पाठ केली आणि आकडा दाबला. पडद्यावर हिरवा फेटा जागा झाला, चालत गेला आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

मागून मालनवहिनींचा आवाज आला. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, एक पाय आत, एक बाहेर. "आमच्यांनापण आकडा म्हाईत न्हाई. मीच दाबती." पडद्यावरचा पिवळा फेटा हलला. मग आणखी काही हलले. सगळे नव्हे. मागच्या दाराशीही बरेच जाऊन उभे राहिले, आणि त्यांतले एक-दोन बायकांनीच नेले होते, तेही मी बघितलं. पण पुढच्या दाराशी गर्दी जास्त झाली. अण्णा खुर्चीत बसून पडद्याकडं बघत राहिले. मॅडमनी ते मोजून वर कळवलं.

आज तालमीला पुढं रुंद पायऱ्या आहेत आणि कट्टा आत आहे. केतकी त्याच जिन्यानं वर जाऊन अभ्यास करून परीक्षा पास झाली, आता नोकरीला आहे. दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर अण्णांचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली दातार मॅडमच्या संस्थेचं, आणि त्याखाली 'आराखडा : श्री. यशवंत सासने.' संस्थेनं या प्रयोगावर एक छापील अहवालही काढला म्हणे. मालनवहिनींच्या सुनेनं वाचला. त्यात पैलवानांनी काय काय सुचवलं ते सगळं आहे. पैलवान कोण होते ते नाही.

तो हिरवा फेटा आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे आले की विचारतात आणि हे सांगतात, "तालमीच्या आराखड्याबद्दल मिळाला." मी चहा ठेवते, कपबशा मांडते. कधी कधी पाहुणे गेल्यावर हे सोफ्यावर रेलून म्हणतात, "हेमा, आता तरी सांग. काय होता गं तो आकडा?"

मी अजून सांगितलेला नाही.